न पाहिलेल्या दिवाणखान्याचे चित्र

खोली अजून बांधलेली नाही, आणि तिचे छायाचित्र मात्र हातात! आमच्या इंदापुरातही आता ह्याचे कुणाला नवल वाटत नाही. घर बांधायला काढले की पायाच्या आधी संगणकावरचे चित्र येते. पलंग, कपाट, फरशीवर पडलेले ऊन, सारे हुबेहूब. लोक ह्याला नव्या युगाची जादू म्हणतात. मला मात्र तीत एक जुनी ओळख पटते.

१७९० साली इंग्रजांनी टिपूविरुद्ध पेशव्यांशी तह केला. त्या दरबाराचे भव्य तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. सवाई माधवराव, नाना फडणीस, इंग्रज वकील मॅलेट ही मंडळी पाहून वाटावे, चितारी तिथेच कोपऱ्यात बसला होता. वस्तुतः टॉमस डॅनियलने ते १८०५ साली पुरे केले, तेही जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. आणि वेल्स मुंबईस उतरला तोच मुळी १७९१ मध्ये. तहाच्या वेळी दोघांपैकी एकही हजर नव्हता! पण वेल्सने पुण्याचा दरबार पुढे डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून चित्राला मोल आले. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे महाल जळाले. आता असल्या चित्रांवरच भिस्त.

डॅनियलचे काम आज गणित करते. १९८४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी उष्णता एका पृष्ठावरून दुसऱ्यावर कशी जाते ह्याचे शास्त्र उजेडाला लावले. तांबड्या पडद्याशेजारची पांढरी भिंत किंचित तांबूस का दिसते, ह्याचा हिशेब यंत्राला जमू लागला. १९८६ साली जेम्स काजियाने साऱ्या प्रकाशव्यवहाराचे एकच समीकरण मांडले. पुढे २००६ साली स्वीडनच्या आयकियाने आपल्या सूचिपत्रात एक खुर्ची छापली. ती कॅमेऱ्याने टिपलेली नव्हती, संगणकाने घडवलेली होती.

तर उजेडाचा हिशेब यंत्राच्या हाती सुखरूप आहे. पण खोलीत काय होते, हे त्याला कुणी सांगायचे? माझ्या पुतण्याने आमच्या पडलेल्या वाड्याच्या सोप्याचे चित्र केले. ऊन असे सुरेख, की वाटावे हात शेकावेत. पण बैठकीच्या जागी चक्क सोफा! यंत्राच्या तयार भांडारात लोड-तक्के नव्हते. मग आत्याबाईंना शेजारी बसवले. "झोपाळ्याच्या कड्या कुठे रे? दिव्याची देवळी उजव्या हाताला होती," असे त्या सांगत गेल्या, आणि तेव्हा कुठे तो सोपा आमचा झाला.

डॅनियलला वेल्स लाभला होता. आपल्या वाड्यांचे वेल्स अजून घरात बसून फराळ करीत आहेत, वाचकहो! ह्या दिवाळीत त्यांच्याजवळ वही आणि मोजपट्टी घेऊन बसा. चित्र पुढे केव्हाही काढता येईल. सांगणारे माणूस मात्र थांबणार नाही.