कर्णबधिर आणि अंध मुलांचं शिक्षण : गोंदिया जिल्ह्यातल्या पालकांनी कुठे जावं, काय विचारावं

आपल्या मोहल्ल्यात एखादं मूल हाकेला वळत नसेल, तर घरातले मोठे म्हणतात, "थांबा, याचे अब्बाही उशिरा बोलले होते." असं म्हणता म्हणता दोन-तीन वर्षं निघून जातात. आम्ही शिक्षक अशा मुलाला पहिल्यांदा बघतो ते सहाव्या वर्षी, पहिलीत नाव घालायला आणलं की. तोपर्यंत भाषा शिकायचा सगळ्यात मोलाचा काळ संपत आलेला असतो. शाळेची माहिती पुढे दिली आहेच, पण सुरुवात शाळेच्या कितीतरी आधी करावी लागते.

ओळखायचं कसं?

ऐकण्याबाबत डॉक्टरांचा हिशेब सोपा आहे. पहिल्या महिन्यात कानाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. बेरा ही चाचणी झोपलेल्या बाळावरही होते, त्याला काही दुखत नाही. मोठ्या आवाजाला बाळ दचकत नसेल, वर्षाचं होऊनही नावाला वळत नसेल, तर थांबू नका.

डोळ्यांसाठी बुबुळात पांढरा ठिपका दिसतो का, बाळ चेहऱ्याकडे बघतं का, हे पाहा. जन्मजात मोतीबिंदूचं ऑपरेशन लवकर झालं तर नजर वाचू शकते. 34 आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा 30 दिवसांच्या आत तपासून घ्यावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळेत येतं. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात. मूल खासगी नर्सरीत किंवा फक्त मकतबमध्ये जात असेल, तर पथकाच्या दिवशी त्याला अंगणवाडीत घेऊन जा. गोंदिया शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं के.टी.एस. रुग्णालय आणि बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे. मोठ्या तपासण्यांसाठी रेल्वेने नागपूर साधारण 130 किलोमीटर पडतं.

कारणांबद्दल थोडं

दोष बहुतेक वेळा आईच्या माथी मारला जातो. हे चूक आहे. गरोदरपणात झालेला रुबेला, कमी दिवसांचा जन्म, मेंदूज्वर, अशी अनेक कारणं असतात. जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळे जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो, हेही खरं आहे. मामाच्या किंवा चुलत घरात सोयरीक करण्याची रीत आपल्यातही आहे आणि महाराष्ट्रातल्या इतर कितीतरी समाजांतही आहे. घराण्यात आधी कुणी कर्णबधिर असेल, तर रिश्ता ठरवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोवर-रुबेलाची लस चुकवू नये.

कागदपत्रं

सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, नंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल, तर बहुतेक सवलती लागू होतात. आधार, रेशनकार्ड आणि जन्मदाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का, ते आधीच बघून घ्या. शेख, शेक, सय्यद, सैयद अशा फरकांमुळे आपल्या लोकांचे अर्ज हमखास अडकतात.

या कार्डावर एसटीच्या तिकिटात 75 टक्के सूट मिळते. श्रवणयंत्र, पांढरी काठी, ब्रेल साहित्य केंद्राच्या ॲडिप योजनेतून मिळतं. लहान बाळांच्या कॉक्लिअर इम्प्लांटलाही त्याच योजनेतून मदत आहे, पण वयाची अट असते, म्हणून उशीर महागात पडतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो.

शाळा कोणती?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. जवळच्या साध्या शाळेत घालायचं की विशेष शाळेत, ही निवड पालकांची. साधी शाळा "आमच्याकडे सोय नाही" म्हणून दार बंद करू शकत नाही.

साध्या शाळेत घातलं, तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात जाऊन समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा. फार गंभीर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी येऊन शिकवण्याचीही तरतूद आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावसारख्या लांबच्या तालुक्यांत हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

विशेष शाळा हवी असेल, तर मान्यताप्राप्त शाळांची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारा. विदर्भात नागपूरच्या शंकरनगरचं मूकबधिर विद्यालय, ब्लाइंड रिलीफ असोसिएशनचं अंध विद्यालय आणि वरोऱ्याला आनंदवनातल्या अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळा जुन्या आणि नावाजलेल्या आहेत.

शाळा बघायला गेलात की हे विचारा : शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? श्रवणयंत्र बिघडलं तर कोण दुरुस्त करतं? मुलांशी खुणांच्या भाषेत बोलतात का? ब्रेल पुस्तकं प्रत्येक इयत्तेची आहेत का? काठी घेऊन एकट्याने चालायला शिकवतात का? मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई अधीक्षक असतात का? मुलीला लांब पाठवायची भीती आम्ही समजू शकतो. पण त्या भीतीपोटी तिला घरीच बसवलं, तर तिचं नुकसान जास्त होतं. वसतिगृह नको असेल, तर गावातली शाळा आणि विशेष शिक्षक हा रस्ता आहे.

उर्दू की मराठी?

हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. घरी उर्दू किंवा हिंदी, शाळेत मराठी. अंध मुलाला अडचण नाही, ते कानाने दोन्ही भाषा उचलतं. भारती ब्रेलमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही सहा ठिपक्यांत, डावीकडून उजवीकडे लिहितात. ब्रेलमध्ये कुरआन शरीफही मिळतं. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम अंध होते आणि मस्जिदीत अजान देत, हे आपण मुलांना सांगतो. मग मकतबमध्ये अंध मुलाला जागा मिळायलाच हवी.

कर्णबधिर मुलाचं तसं नसतं. त्याला आधी एक भाषा पक्की मिळाली पाहिजे. ती भाषा भारतीय सांकेतिक भाषाही असू शकते, आणि तिला उर्दू-मराठीचा झगडा नाही. दिल्लीच्या सांकेतिक भाषा संस्थेचा 10,000 शब्दांचा व्हिडिओ कोश मोबाईलवर फुकट बघता येतो. अम्मी, नानी, भावंडं, सगळ्यांनी शिकावी. घरात फक्त मुलानेच खुणा करायच्या आणि बाकीच्यांनी अंदाज बांधायचा, याला बोलणं म्हणत नाहीत. अशा मुलाला "मुका" म्हणणंही सोडायला हवं. बहुतेकांचा गळा ठीक असतो, कानावर शब्द पडला नाही म्हणून तोंडातून निघत नाही.

पुढचा रस्ता

दहावी-बारावीला लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो. अर्ज शाळेमार्फत वेळेत करावा लागतो. सरकारी महाविद्यालयांत दिव्यांगांसाठी 5 टक्के, सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून कर्णबधिरांसाठी काम करते. ज्यांच्या नावाने ती आहे, ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

मस्जिद कमिटी आणि जमातीच्या मंडळींना एक विनंती : जुम्याला एकदा एलान करा की मोहल्ल्यात कुणाचं मूल ऐकत किंवा बघत नसेल, तर त्यांनी येऊन सांगावं. फॉर्म भरून द्यायला दोन पदवीधर पोरं बसवा. एवढ्यानेही एखाद्या मुलाची दोन-तीन वर्षं वाचतील.