सुपातला शब्द

परवा एक गंमत झाली. म्हणजे गंमत मला वाटली, समोरच्याला नसावी. टीममधल्या एका ज्युनियरच्या अप्रेझलमध्ये मी 'अनडिसर्निंग' असा शेरा मारला होता. नेटवर मिळेल तो कोड उचलतो म्हणून. त्याने सरळ विचारलं, "सर, म्हणजे नेमकं काय?" 'विवेक नसलेला' असं काहीतरी पुटपुटून मी सुटलो. पण शब्द काही डोक्यातून जाईना. वीकेंडला नांदगाव पेठला घरी आलो आणि त्याच्या मागे लागलो.

'डिसर्न'च्या मुळाशी लॅटिन 'केर्नेरे' आहे, म्हणजे चाळणे, वेगळं करणे. 'डिस्क्रिमिनेट' त्याच घराण्यातला. १७व्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ साधा होता: फरक ओळखणे. १९व्या शतकात अमेरिकेत वर्णावरून माणसं वेगळी काढण्याला तो चिकटला आणि बदनाम झाला. आजही 'डिस्क्रिमिनेटिंग' ही स्तुती, पण 'डिस्क्रिमिनेशन' हा गुन्हा! 'इनडिस्क्रिमिनेट' सहसा कृतीला लावतात, जसा बेछूट गोळीबार. 'अनडिसर्निंग' माणसाला: बरंवाईट निवडता न येणारा.

आणि आपला 'विवेक'? संस्कृत 'विच्' म्हणजे धान्य पाखडून वेगळं करणे. दोन्हीकडे सूप-चाळणीच! आई ओसरीवर तूरडाळ पाखडत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "हालवल्याबिगर खडा दिसते का रे बाबू?"

तेव्हा गाडगेबाबा आठवले. १८७६ साली आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला, शाळा न शिकलेला माणूस. त्यांच्या कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न जास्त. कर्ज काढून सण करावा का? नवसाला बोकड कापावा का? वऱ्हाडी बोलीत विचारत जायचे आणि उत्तर समोरच्या शेतकऱ्याच्याच तोंडून काढायचे. २० डिसेंबर १९५६ला वलगावजवळ ते गेले, तोवर हेच चाललं होतं. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे.

म्हणजे विवेक ही कुणाकडे असलेली-नसलेली वस्तू नव्हे, ते हाताने करायचं काम आहे. आणि कुणीतरी सूप हातात द्यावं लागतं. मी त्या पोराला एकही प्रश्न न विचारता शेरा दिला. खरं सांगायचं तर तोच शेरा आणखी दोघांच्या फॉर्ममध्येही पेस्ट केला होता. आता सांगा, अनडिसर्निंग कोण?

असो. सोमवारी त्याच्यासोबत बसायचं ठरवलंय. एकेक ओळ दाखवून विचारणार, "ही का घेतली?"