हात तोच, भरपाई वेगळी

ट्रकच्या धडकेत एखाद्याचा हात गेला तर त्याला भरपाई किती मिळावी? घरच्यांच्या डोळ्यांसमोर आधी दवाखान्याची बिले येतात. कायदा आणखी एक प्रश्न विचारतो : या माणसाची पुढची कमाई किती बुडाली? हा प्रश्न सहज विचारला गेलेला नाही.

1855च्या प्राणघातक अपघात कायद्याने मृताच्या पती-पत्नी, आईवडील आणि मुलांना दाव्याचा हक्क दिला. जखमी होऊन वाचलेल्याला दिवाणी कोर्टाचीच पायरी चढावी लागे. 1939च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइतासाठी विमा सक्तीचा केला. 1956च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे आली. पण मालट्रकच्या विम्यातून मिळणाऱ्या रकमेला मर्यादा होती : आधी 20,000 रुपये, 1969च्या दुरुस्तीने 50,000, 1982च्या दुरुस्तीने दीड लाख. त्यावरचे पैसे ट्रकमालकाकडून वसूल करायचे. 1988च्या कायद्याने मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी ही मर्यादा काढून टाकली.

मग रक्कम ठरते कशी? उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदना, मदतनीसाचा खर्च हे सगळे धरले जाते. कायमचे अपंगत्व आले असेल, तर बुडणारे वार्षिक उत्पन्न वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली हे गुणक नक्की केले : 26 ते 30 वयासाठी 17, तर 61 ते 65 साठी 7.

खरी मेख पुढे आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्वाचे जे टक्के असतात, तेवढेच टक्के कमाई बुडाली असे होत नाही. 2010च्या निकालात न्यायालयाने साधे उदाहरण दिले : डावा हात गेला तर सुताराची किंवा चालकाची जवळजवळ सगळी कमाई जाऊ शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते.

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहा. गॅरेजमधला मिस्त्री, हातगाडीवाला, हमाल, ट्रकचा क्लीनर. यांची रोजीरोटी हातापायांवर, आणि पगारपत्रक कुणाकडेच नाही. म्हणजे नुकसान सर्वांत मोठे आणि पुरावा सर्वांत कमी. 2014 साली पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, असंघटित कामगाराकडून उत्पन्नाच्या कागदांची अपेक्षा करता येणार नाही. त्याचे उत्पन्न दरमहा 6,500 रुपये धरले गेले.

हा निकाल मोठा आधार आहे. तरी खालच्या पातळीवर तडजोडीच्या वेळी कागद नसलेल्या माणसाला कमी रकमेवर राजी करणे सोपे असते. म्हणून बँकेतला भरणा, मालाच्या पावत्या, मालकाची चिठ्ठी जपून ठेवा. आणि डॉक्टरांना टक्क्यांबरोबर हेही विचारा : हा माणूस पूर्वीचे काम पुन्हा करू शकेल का? उत्तर लेखी घ्या. रकमेचा बराचसा फरक त्या एका उत्तरावर पडतो.