डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएम

डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएम : अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे व्यापारी नभोवाणी केंद्र. १०२.७ मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर १९५८ मध्ये सुरू झाले. ऑक्टोबर १९६७ ते सप्टेंबर १९९९ या काळातील रॉक प्रसारणामुळे ते प्रसिद्धीस आले. आज ‘क्लासिक रॉक’ या नावाखाली वाजणारी अनेक गाणी नवी असताना ज्या मोजक्या केंद्रांनी ती श्रोत्यांपर्यंत नेली, त्यांत या केंद्राचे स्थान वरचे आहे. कोणते गाणे वाजवायचे हे निवेदकाने ठरवायचे की व्यवस्थापनाच्या यादीने, हा अमेरिकी रॉक नभोवाणीतील मूळ वाद. या केंद्राच्या इतिहासात तो आरंभापासून अखेरपर्यंत दिसतो.

पार्श्वभूमी : १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत एएम केंद्रांचे वर्चस्व होते. तीन मिनिटांच्या आसपासची लोकप्रिय गाणी, त्यांची सततची पुनरावृत्ती, जलद निवेदन आणि जाहिराती असे त्यांचे स्वरूप असे. एफएमचा आवाज अधिक स्वच्छ होता व त्यावर स्टिरिओ प्रसारणाची सोय होती. परंतु श्रोते थोडे आणि मोटारींतील संच त्याहून थोडे. त्यामुळे बहुतेक मालक आपल्या एएम केंद्राचेच कार्यक्रम एफएमवर पुन्हा ऐकवत. मोठ्या शहरांतील एफएम केंद्रांनी निम्म्याहून अधिक वेळ अशी नक्कल करू नये, असा नियम केंद्रीय दळणवळण आयोगाने केला आणि १९६७ च्या आरंभापासून तो अंमलात आला. रिकाम्या झालेल्या वेळेत कमी खर्चात काहीतरी नवे देणे भाग पडले. त्याच सुमारास रॉक संगीतकार सुट्या गाण्यांऐवजी संपूर्ण एलपीचा एकत्रित विचार करू लागले होते. एएमच्या साच्यात न मावणाऱ्या या लांब रचनांना एफएमवर जागा मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनाह्यू यांनी केएमपीएक्स केंद्रावर १९६७ च्या वसंतात हा प्रयोग केला.

रॉककडे वळण : मेट्रोमीडिया कंपनीच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमचा पहिला स्वतंत्र प्रयोग वेगळाच होता. ४ जुलै १९६६ पासून तेथे सर्व निवेदक स्त्रिया होत्या व जुनी लोकप्रिय गाणी वाजवली जात. हा प्रयोग वर्षभराहून थोडा अधिक टिकला. दरम्यान न्यूयॉर्कमध्येच डब्ल्यूओआर-एफएमने रॉक प्रसारण सुरू केले होते. तेथील व्यवस्थापनाने बाहेरच्या सल्लागाराच्या मदतीने गाण्यांची ठरावीक यादी लादण्याचे ठरवले, तेव्हा रॉस्को या नावाने ओळखले जाणारे निवेदक बिल मर्सर यांनी २ ऑक्टोबर १९६७ रोजी चालू कार्यक्रमातच राजीनामा जाहीर केला. ३० ऑक्टोबरला ते डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमवर रुजू झाले. केंद्राच्या रॉक पर्वाची सुरुवात याच दिवसापासून मानली जाते. जोनाथन श्वार्ट्झ आणि डब्ल्यूओआर-एफएमचेच स्कॉट म्यूनी हे दोघेही लवकरच येऊन मिळाले. निवेदिकांपैकी ॲलिसन स्टील यांना केंद्राने कायम ठेवले व १९६८ च्या आरंभी रात्रपाळी दिली.

कार्यक्रमांची रचना : सुरुवातीच्या वर्षांत केंद्राची पद्धत ‘फ्री-फॉर्म’ म्हणून ओळखली जाई. निवेदक कित्येक तासांची पाळी सांभाळी आणि केंद्राच्या संग्रहातील तबकड्यांतून स्वतः निवड करी. तीन-चार गाणी सलग वाजवून मग त्यांची माहिती सांगण्याचा प्रघात होता. अशा मालिकेतील गाणी विषय, वाद्य, चाल किंवा घराण्यासारख्या एखाद्या नात्याने जोडलेली असत. ते नाते ओळखणे हा श्रोत्यांच्या आनंदाचा भाग होता. रॉकच्या शेजारी लोकसंगीत, ब्लूज, जॅझ यांनाही मज्जाव नसे. श्वार्ट्झ तर मध्येच फ्रँक सिनात्रा वाजवीत. एलपीची अख्खी बाजू सलग लावली जाई. एएमवरच्या आरोळ्यांऐवजी संभाषणाचा सूर, व्हिएतनाम युद्धावर उघड मत आणि मध्येच शांततेला मुभा, ही निवेदनाची वैशिष्ट्ये होती.

प्रमुख निवेदक : रॉस्को यांचा धीरगंभीर आवाज, काव्यवाचन आणि युद्धविरोधी भाष्य यांमुळे केंद्राची आरंभीची ओळख घडली. व्यापारी रॉक केंद्रावर संध्याकाळची मोक्याची वेळ एका कृष्णवर्णीय निवेदकाकडे असणे, ही त्या काळी लक्षणीय गोष्ट होती. १९७० मध्ये त्यांनी केंद्र सोडले. स्कॉट म्यूनी (१९३०–२००४) यांनी दुपारची वेळ तीन दशके सांभाळली व काही वर्षे कार्यक्रम संचालक म्हणूनही काम पाहिले. घोगऱ्या आवाजाच्या म्यूनींना श्रोते ‘प्रोफेसर’ म्हणत. ब्रिटनमधील नव्या ध्वनिमुद्रिका ऐकवणारे त्यांचे ‘थिंग्ज फ्रॉम इंग्लंड’ हे सदर विशेष लोकप्रिय होते. ॲलिसन स्टील (१९३७–९५) ‘नाइटबर्ड’ या नावाने १९७९ पर्यंत रात्रीचा कार्यक्रम करीत. त्याची सुरुवात अँडीज भागातील बासरीच्या पार्श्वभूमीवरील काव्यवाचनाने होई. १९७६ मध्ये ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाने त्यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट एफएम निवेदक ठरवले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. फोर्डम विद्यापीठाच्या डब्ल्यूएफयूव्ही केंद्रावर विद्यार्थिदशेतच रॉकचा कार्यक्रम केलेले पीट फोर्नाताले १९६९ मध्ये येथे आले. १९८२ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘मिक्स्ड बॅग’ या कार्यक्रमात गीतकार-गायकांवर भर असे. डेनिस एल्सास, रिचर्ड नीर, व्हिन स्केल्सा व कॅरोल मिलर हेही केंद्राचे ओळखीचे आवाज होते.

उल्लेखनीय प्रसारणे : २८ सप्टेंबर १९७४ रोजी जॉन लेनन ‘वॉल्स अँड ब्रिजेस’ या नव्या एलपीच्या निमित्ताने एल्सास यांच्या कार्यक्रमात आले. ते सुमारे दोन तास थांबले. सोबत आणलेल्या तबकड्या त्यांनी वाजवल्या आणि जाहिराती व हवामानाची बातमीही स्वतः वाचली. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ग्रीनिच व्हिलेजमधील ‘बॉटम लाइन’ या छोट्या सभागृहातून ब्रूस स्प्रिंग्स्टीन यांची मैफल केंद्राने थेट प्रक्षेपित केली. ‘बॉर्न टू रन’ ही एलपी त्यानंतर दहाच दिवसांनी बाजारात आली. न्यूजर्सीतील पॅसेइक येथील कॅपिटल थिएटरमधून १९ सप्टेंबर १९७८ रोजी झालेले त्यांच्याच मैफलीचे प्रक्षेपणही गाजले. श्रोत्यांनी घरी उतरवलेल्या त्याच्या ध्वनिफिती पुढे हातोहात फिरत राहिल्या. ८ डिसेंबर १९८० च्या रात्री लेनन यांची न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली, तेव्हा स्केल्सा निवेदन करीत होते. ठरलेला कार्यक्रम बाजूला सारून त्यांनी बातमी सांगितली आणि शोकाकुल श्रोत्यांशी संवाद साधला.

याद्यांचा काळ : १९७० च्या दशकात एफएमचे श्रोते झपाट्याने वाढले व त्याबरोबर जाहिरातींचे उत्पन्नही. जोखीम घेण्याची तयारी मात्र कमी झाली. ली अब्राम्स यांच्यासारखे सल्लागार श्रोत्यांच्या पाहण्या करून नेमकी कोणती गाणी किती वेळा वाजवावीत हे केंद्रांना ठरवून देऊ लागले. न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूपीएलजे (९५.५ मेगाहर्ट्झ) या प्रतिस्पर्ध्याने आटोपशीर यादीच्या बळावर मोठा श्रोतृवर्ग मिळवला. डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमने निवेदकांना इतरांपेक्षा अधिक काळ मोकळीक दिली. तरी हळूहळू गाण्यांची वर्गवारी व त्यांचा क्रम येथेही नियमांत बांधला गेला.

१९८० च्या दशकाच्या मध्यात फ्रेड जेकब्स व इतर सल्लागारांनी ‘क्लासिक रॉक’ हा ढाचा रूढ केला. फ्री-फॉर्म आणि त्यापुढच्या काळातील एलपींतून पाहण्यांत पसंतीस उतरलेली गाणी निवडायची आणि नव्या गाण्यांना बहुतेक वगळायचे, हे त्याचे सूत्र. तरुणपणी एफएम ऐकणारी पिढी आता कमावती झाली होती व जाहिरातदारांना तीच हवी होती. ‘क्लासिक’ ठरलेली कित्येक गाणी मुळात यादीत नसतानाच लोकप्रिय झाली होती. नव्या ढाच्यात यादीबाहेरचे गाणे येण्याची वाटच उरली नाही. न्यूयॉर्कमध्ये ९२.३ मेगाहर्ट्झवरील ‘के-रॉक’ हे केंद्र या मार्गाने गेले, तेव्हा डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमची कोंडी झाली. जुन्या गाण्यांत के-रॉक स्पर्धेला, नव्यांत तरुण श्रोता दुसरीकडे. १९९० च्या दशकात मालकी बदलत गेली, कार्यक्रमांचे स्वरूपही वारंवार बदलले, आणि त्यामुळे निष्ठावान श्रोतेही दुरावले.

अखेर : सप्टेंबर १९९९ मध्ये संगीत थांबवून केंद्र गप्पांच्या कार्यक्रमांकडे वळले. ‘ओपी अँड अँथनी’ हा तेथील आघाडीचा कार्यक्रम ऑगस्ट २००२ मध्ये सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमधील एका अश्लील स्पर्धेच्या प्रकरणानंतर बंद करावा लागला. पुढे या कंप्रतेवर प्रौढ श्रोत्यांसाठी लोकप्रिय संगीताचे निरनिराळे ढाचे आले. मधल्या काळात सोडलेले डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएम हे नाव २०१६ मध्ये पुन्हा घेण्यात आले. त्यावरचे संगीत मात्र रॉकचे नाही.

वारसा : केंद्राचा वारसा दोन ठिकाणी विभागला गेला. क्यू १०४.३ या नावाने ओळखले जाणारे डब्ल्यूएएक्सक्यू १९९६ पासून न्यूयॉर्कचे क्लासिक रॉक केंद्र आहे. म्यूनी १९९८ मध्ये तेथे गेले व त्यांच्यामागून कॅरोल मिलरही. श्रोत्यांच्या मतांवरून लावलेली १,०४३ गाण्यांची उतरती क्रमवारी हा या केंद्राचा थँक्सगिव्हिंगच्या सुमारास होणारा वार्षिक उपक्रम. त्यात लेड झेपेलिनचे ‘स्टेअरवे टू हेवन’ बहुधा पहिले येते. एल्सास, फोर्नाताले व स्केल्सा हे मात्र डब्ल्यूएफयूव्हीकडे वळले. या अव्यापारी केंद्रावर गाण्याची निवड बऱ्याच अंशी निवेदकाच्या हाती राहिली. म्हणजे जुन्या केंद्राचा गीतसंग्रह एकीकडे टिकला, तर त्याची कार्यपद्धती दुसरीकडे. केंद्राच्या उदयास्ताची हकीकत रिचर्ड नीर यांनी ‘एफएम : द राइज अँड फॉल ऑफ रॉक रेडिओ’ (२००१) या पुस्तकात सांगितली आहे.