वावरातली ३१ डिसेंबर

काल रात्री बाराला गावात फटाके वाजले, तेव्हा मी हरभऱ्याला पाणी देत होतो. आमच्याकडं सध्या लाईन रात्रीचीच. पायात गमबूट, हातात बॅटरी, स्प्रिंकलरचे पाइप उचलता उचलता नवं वर्ष लागलं.

तसं आम्हा बुलढाण्याच्या शेतकऱ्यांना नव्या वर्षांची कमी नाही. पाडवा आहे. अखजीला भेंडवळला पूर्णाकाठी घटमांडणी होते, घटाभोवती धान्यं मांडतात अन् दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. खरं होवो न होवो, ऐकतात सगळेच.

पण एके काळी सरकारचं वर्षही पिकाचंच होतं. हिजरी साल चांद्र, सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी छोटं. वसुलीची तारीख दरवर्षी मागं सरकायची, पीक मात्र आपल्या वेळेलाच यायचं. म्हणून अकबराच्या काळात फसली सन आला. फसल म्हणजे पीक. निजामाच्या राज्यातही तोच चालायचा. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढं १८६७ मध्ये इंग्रज सरकारनं विलायतेच्या हिशोबाशी जुळवायला १ एप्रिल ते ३१ मार्च हे वर्ष धरलं. ते आजही चालू आहे.

आता बघा, हरभरा निघतो फेब्रुवारी-मार्चात. सगळ्यांचाच माल एकदम बाजारात, भाव पडलेला, अन् कर्ज भरायचं ३१ मार्चच्या आत. थांबायची सोय कुणाला?

पहाटे लाईन गेली. अर्धं वावर राहिलंय, आज रात्री पुन्हा जायचंय.