तुरा, कोंबडीचा : रंग आणि आरोग्याची पारख

कोंबडीच्या डोक्यावर, चोचीच्या मुळापासून मागे गेलेली बिनपिसांची मांसल वाढ म्हणजे तुरा. त्याचा रंग, आकार व ऊब यांवरून पक्ष्याच्या प्रकृतीचा पहिला अंदाज बांधता येतो. पक्षी न पकडता, खुराड्याच्या दारातूनच हे पाहता येत असल्याने परसातल्या चार कोंबड्यांपासून मोठ्या पोल्ट्रीपर्यंत ही पारख रूढ आहे.

रचना व कार्य : तुऱ्याच्या पातळ कातडीखाली केशवाहिन्यांचे दाट जाळे असते, त्याची लाली ही त्यांतल्या रक्ताची. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून उन्हाळ्यात तुरा व चोचीखालचे लोलक यांतून अंगातली उष्णता बाहेर पडते. तुऱ्याची वाढ लैंगिक हॉर्मोनांवर अवलंबून असते. १८४९ मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ट बेर्टोल्ट यांनी कोवळ्या कोंबड्यांची वृषणे काढली, तेव्हा त्यांचे तुरे खुरटले. काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, तेव्हा ते नेहमीसारखे वाढले. हा प्रयोग हॉर्मोनविज्ञानाचा आरंभ मानला जातो.

निरोगी तुरा : अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा भरलेला, लालभडक, उबदार व किंचित मेणचट लागतो. बोटाने दाबून सोडला तर पांढुरका ठसा उमटतो आणि लगेच भरून येतो. तलंग अंड्यावर येण्याआधी तिचा तुरा वाढतो व लाल होतो. अंडी थांबली, पिसे झडू लागली किंवा कोंबडी खुडूक बसली, की तो आकसून फिका व कोरडा पडतो. हा आजार नव्हे.

फिका तुरा : खाणेपिणे सुटलेल्या कोंबडीचा तुरा पांढुरका पडला, तर रक्तक्षयाचा संशय घ्यावा. रक्ती हगवण, जंत, गोचीड, तांबडे माइट किंवा अंतर्गत रक्तस्राव ही त्याची नेहमीची कारणे. तांबडे माइट दिवसा पक्ष्याच्या अंगावर सहसा सापडत नाहीत. ते बसायच्या दांडीच्या फटींत दडतात आणि रात्री रक्त शोषतात. अंधार पडल्यावर दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा फडका फिरवावा. त्यावर रक्ताचे ठिपके उमटले, तर औषध कोंबडीइतकेच खुराड्यालाही लागते.

निळा-जांभळा तुरा : रक्तात प्राणवायू कमी पडल्याची ही खूण. हृदयाचे व श्वसनाचे विकार, कोंबड्यांचा कॉलरा आणि बर्ड फ्लू यांत ती दिसते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नोंदला गेला. तुरे निळे पडून, तोंडावर सूज येऊन पक्षी पटापट मरू लागले, तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये, विकू किंवा खाऊ नये. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

डाग व खपल्या : देवी रोगात तुऱ्यावर पुळ्या येऊन काळसर खपल्या धरतात, डास हा रोग पसरवतात. पिठासारखा पांढरा थर बुरशीचा असू शकतो. कडाक्याच्या थंडीच्या देशांत तुऱ्याची टोके गोठून काळी पडतात. झुंजीतल्या टोचण्याच्या जखमाही अशाच काळ्या दिसतात, म्हणून खपली पाहताना कळपातली भांडणेही आठवावीत.

जातींचे अपवाद : पांढऱ्या लेगहॉर्न मादीचा तुरा मोठा असून एका बाजूला कलतो, तो अशक्तपणा नव्हे. असीलचा तुरा मुळातच बुटका. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील व महाराष्ट्रातही पाळल्या जाणाऱ्या कडकनाथचा तुरा रंगद्रव्यामुळे उपजतच काळपट असतो, त्यामुळे रंगाची ही फूटपट्टी तिथे चालत नाही.

मर्यादा : एकच रंग अनेक कारणांनी येतो, म्हणून नुसत्या तुऱ्यावरून रोगाचे नाव ठरवू नये. दिव्याच्या पिवळ्या उजेडात फिकेपणा लपतो. पारख सकाळच्या उजेडात करावी. त्याच कोंबडीचा तुरा कालपरवा कसा होता, हे आठवून तुलना करावी आणि विष्ठा, डोळे, श्वास, छातीच्या हाडावरचे मांस व संध्याकाळी भरलेली अन्नपिशवी यांची जोड द्यावी. कडकनाथच्या बाबतीत तर सगळी भिस्त याच खुणांवर असते.