चर्चमधलं कन्फेशन नेमकं काय असतं? फादरला सांगितलेली गोष्ट खरंच गुप्त राहते का?

हिंदी पिक्चरमधलं चर्च डोळ्यांसमोर आणा. लाकडी कपाटासारखी छोटी खोली, मध्ये जाळी, जाळीच्या पलीकडे फादर आणि अलीकडे गुडघ्यावर बसलेला हीरो, नाहीतर व्हिलन. तो सगळं सांगतो, फादर शांतपणे ऐकतो आणि पुढच्या सीनमध्ये माणूस हलका होऊन बाहेर पडतो.

बहुतेकांच्या डोक्यात कन्फेशन म्हणजे एवढंच असतं. त्यातून दोन समज पक्के झालेत. ख्रिस्ती माणसानं काहीही करावं आणि फादरला सांगून मोकळं व्हावं, हा एक. जगातले सगळे ख्रिस्ती असंच करतात, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. आणि मुळात हा शब्द फक्त पापापुरता नाहीच.

कन्फेशनच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ उघडपणे मान्य करणं असा आहे. बायबलचा नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यातलं क्रियापद आहे ‘होमोलोगेओ’, शब्दशः ‘तेच बोलणं’. जे खरं आहे, तेच तोंडानं बोलायचं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात येशूला प्रभू म्हणून मान्य करण्याविषयी हे क्रियापद येतं, आणि योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात स्वतःची पापं मान्य करण्याविषयीही तेच येतं. मराठीत याला फार चांगला शब्द आहे, अंगीकार. पापाचा अंगीकार आणि विश्वासाचा अंगीकार, दोन्हीकडे तोच चालतो. इंग्रजी शब्द ऐकून जे लक्षात येत नाही, ते मराठीत आपसूक कळतं.

‘हो, मी ख्रिस्ती आहे’ म्हटलं की मृत्युदंड

साधारण इ.स. ११२. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात रोमन साम्राज्याचा प्लिनी नावाचा गव्हर्नर होता. पकडून आणलेल्या ख्रिस्ती लोकांचं काय करायचं हे त्याला कळेना, म्हणून त्यानं सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं. हे पत्र आजही वाचायला मिळतं. त्यात प्लिनी आपली पद्धत सांगतो. आरोपीला विचारायचं, तू ख्रिस्ती आहेस का? हो म्हणाला, तर शिक्षेची धमकी देऊन पुन्हा विचारायचं. मग तिसऱ्यांदा. तरी हो म्हणाला, तर मृत्युदंड. रोमन नागरिक असेल तर रोमला पाठवायचं. आणि नाही म्हणाला, तर त्यानं रोमन देवांची प्रार्थना करायची, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि वाइन अर्पण करायची, ख्रिस्ताला शाप द्यायचा, की झाली सुटका.

चोरी, खून, बंड, काहीच सिद्ध करायची गरज नव्हती. कबुली हाच गुन्हा होता.

या काळातल्या ख्रिस्ती लोकांनी दोन शब्द वापरले. ज्यांनी कबुली दिली आणि त्यासाठी जीव दिला, ते ‘मार्टर’, म्हणजे साक्षीदार. ज्यांनी कबुली दिली, छळ सोसला पण जिवंत राहिले, ते ‘कन्फेसर’. आज कन्फेसर म्हटलं की कबुली ऐकणारा फादर डोळ्यांसमोर येतो. तेव्हा कन्फेसर म्हणजे कबुली देणारा होता.

मराठी वाचकाला यातलं काहीच परकं वाटू नये. १८९५ साली ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जिवावर बेतणारा प्रसंग नव्हता, पण घर मोडलं. लक्ष्मीबाई आणि टिळक काही वर्षं वेगळे राहिले. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. मनात विश्वास बाळगणं आणि चारचौघांत त्याचा अंगीकार करणं यात किती अंतर असतं, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि ज्यांनी ‘नाही’ म्हटलं, त्यांचं काय?

कन्फेशनचे दोन्ही अर्थ जिथे एकमेकांना भिडले, ती गोष्ट इथून सुरू होते.

इ.स. २५० च्या सुमारास सम्राट डेसियसनं फर्मान काढलं की साम्राज्यातल्या लोकांनी रोमन देवांना बळी अर्पण करायचा आणि तसा सरकारी दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी घाबरून बळी दिला. काहींनी बळी न देता पैसे चारून दाखला मिळवला. (सरकारी दाखला चिरीमिरी देऊन मिळवायची कला बरीच जुनी आहे, हे जाता जाता.)

वर्षभरात छळ ओसरला आणि हेच लोक चर्चच्या दारात परत आले. आम्हाला पुन्हा आत घ्या, म्हणाले. आत कोण होतं? ज्यांचे नवरे, मुलगे, बहिणी ‘हो’ म्हणाल्यामुळे तुरुंगात गेल्या होत्या किंवा मेल्या होत्या, ते लोक.

रोममधला नोव्हेशियन म्हणाला, अशांना माफी द्यायचा चर्चला अधिकारच नाही. त्यावरून फूट पडली. उलट उत्तर आफ्रिकेत कार्थेजमध्ये तुरुंग भोगलेले कन्फेसर परत येणाऱ्यांना सढळ हातानं शिफारसपत्रं देऊ लागले. यांना घ्या, आमचा शब्द. तिथला बिशप सिप्रियन कात्रीत सापडला. छळाच्या काळात तो स्वतः लपून बसला होता, त्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवणारेही होते. २५१ मध्ये त्यानं आणि इतर बिशपांनी मधला मार्ग काढला. दाखला विकत घेणारे आणि प्रत्यक्ष बळी देणारे यांत फरक करायचा. प्रत्येकाची चौकशी करायची. दार कायमचं बंद करायचं नाही, पण दीर्घ प्रायश्चित्ताशिवाय उघडायचंही नाही. पुढे २५८ मध्ये दुसऱ्या छळात सिप्रियनला पकडलं. तेव्हा तो पळाला नाही आणि त्याचा शिरच्छेद झाला.

म्हणजे विश्वासाची कबुली जे देऊ शकले नव्हते, त्यांना आता पापाची कबुली द्यावी लागली. ज्या तोंडानं ‘मी ख्रिस्ती नाही’ म्हटलं, त्याच तोंडानं ‘मी ते म्हटलं’ हे सगळ्यांसमोर मान्य करायचं.

कपाट आलं कधी?

खूप उशिरा. सुरुवातीच्या शतकांत खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा मोठ्या पापांसाठी प्रायश्चित्त सगळ्यांच्या देखत व्हायचं. तपशील पापाचा सांगावा लागो न लागो, प्रायश्चित्त घेणारा कोण आहे हे सगळ्या गावाला दिसायचं. त्याला कम्युनियनपासून दूर ठेवत, कधी महिने, कधी वर्षं. आणि बाप्तिस्म्यानंतर ही संधी आयुष्यात एकदाच मिळायची. त्यामुळे काही लोक बाप्तिस्माच पुढे ढकलत. सम्राट कॉन्स्टंटाइननं तर ३३७ मध्ये थेट मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला.

बदल आणला आयर्लंडच्या मठवासीयांनी. सहाव्या शतकापासून त्यांच्याकडे कबुली खाजगीत आणि हवी तितक्या वेळा होऊ लागली. त्यांनी याद्याच बनवल्या, अमुक पापाला इतके दिवस भाकरी आणि पाणी. दरपत्रकासारखा हा प्रकार आज विचित्र वाटतो, पण ‘एकदाच’ची भीती त्यानं घालवली. १२१५ मध्ये रोममधल्या चौथ्या लॅटरन परिषदेनं नियम केला की समज आलेल्या प्रत्येकानं वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूपाशी कबुली द्यावी. कबुली फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून उरलेलं आयुष्य मठात प्रायश्चित्तासाठी ठेवावं, हेही त्याच नियमात होतं.

आणि ते लाकडी कपाट? ते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिलानचा आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यानं रुजवलं. उद्देश साधा होता. धर्मगुरू आणि कबुली देणारी व्यक्ती, विशेषतः स्त्री, यांच्यात काहीतरी आड असावं आणि तरी दोघंही चर्चमध्ये सगळ्यांना दिसतील अशा जागी असावेत.

आज प्रत्यक्षात काय होतं?

कॅथलिक पद्धत अशी. आधी स्वतःशी बसून आठवायचं. मग फादरकडे जायचं, जाळीमागून किंवा समोरासमोर. गंभीर पापं प्रकारानुसार आणि साधारण किती वेळा घडली ते सांगायची. फादर दोन शब्द सांगतो, प्रायश्चित्त देतो आणि देवाच्या नावानं क्षमा जाहीर करतो. प्रायश्चित्त बहुतेकदा प्रार्थना असतं. पण चोरी केली असेल तर वस्तू परत करणं आलंच, कुणाची बदनामी केली असेल तर ती शक्य तितकी निस्तरणंही आलं. खरा पश्चात्ताप नसेल, पुन्हा तेच करायचा बेत असेल, तर क्षमेचे शब्द उच्चारूनही उपयोग नाही, असं कॅथलिक शिकवण सांगते. ‘सांगितलं की मोकळं’ हा समज इथेच गळून पडतो.

गोव्यात कोंकणीत याला ‘कुमसार’ म्हणतात, पोर्तुगीज शब्दावरून आलेला. मराठी कॅथलिक लेखनात ‘पापनिवेदन’ हा शब्द दिसतो. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात यासाठी चर्चमध्ये रांगा लागतात.

फोनवर किंवा ॲपवर हे चालत नाही. २०११ मध्ये कन्फेशनच्या तयारीसाठी आयफोनचं एक ॲप निघालं, तेव्हा ॲपवर कबुली देता येत नाही असा खुलासा व्हॅटिकनला करावा लागला होता.

ऑर्थोडॉक्स परंपरेत सहसा कपाट नसतं. माणूस ख्रिस्ताच्या चित्रासमोर उभा राहून देवाला सांगतो, धर्मगुरू बाजूला साक्षीदार म्हणून असतो. प्रोटेस्टंट चर्चमध्ये सगळी मंडळी उपासनेत एकत्र पापांगीकार म्हणते. मार्टिन ल्यूथरनं मात्र खाजगी कबुली मोडीत काढली नव्हती. त्याचा राग सक्तीवर आणि पैसे घेऊन शिक्षेत सूट देणाऱ्या पत्रांवर होता.

प्रोटेस्टंटांनी कन्फेशनचा दुसरा अर्थ जास्त मोठा केला. १५३० मध्ये ल्यूथरच्या बाजूच्या लोकांनी सम्राटापुढे ठेवलेल्या मतपत्राचं नाव ‘ऑग्सबर्ग कन्फेशन’. त्यात कुणाच्या पापाची कबुली नाही, तो विश्वासाचा जाहीरनामा आहे. चारशे वर्षांनी, १९३४ मध्ये, जर्मनीतल्या काही प्रोटेस्टंटांनी बार्मेन इथे जाहीर केलं की चर्चचा प्रभू ख्रिस्त आहे, कुणी राजकीय नेता नाही. हिटलर सत्तेत असताना हे म्हणणं सोपं नव्हतं. या गटाचं नावच ‘कन्फेसिंग चर्च’. त्यातले एक प्रमुख, मार्टिन नीमोलर, १९३७ ते १९४५ कैदेत होते. सुटल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्ट इथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दुसरी कबुली दिली, की आपण पुरेसं धैर्य दाखवलं नाही. त्या निवेदनात ज्यू लोकांचा स्पष्ट उल्लेखही नाही, ही टीका आजवर होते आणि ती रास्त आहे.

गुप्ततेचं काय?

कॅथलिक कायद्यात याला ‘कबुलीची मोहोर’ म्हणतात. १९८३ च्या चर्च कायद्यानुसार ती कुठल्याही कारणानं, कुठल्याही प्रकारे मोडता येत नाही. थेट फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी बहिष्कृत होतो. फादर पोलिसांना सांगू शकत नाही, कोर्टाला सांगू शकत नाही, आणि त्या माहितीच्या आधारे कबुली देणाऱ्याला अडचणीत येईल असं वागूही शकत नाही. तो पोलिसांकडे जा असा आग्रह धरू शकतो. पण शरण गेलास तरच क्षमा, अशी अट घालता येत नाही, असं व्हॅटिकननं २०१९ च्या टिपणात स्पष्ट केलं.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा खंड वगळता, इन्क्विझिशन होतं. तिथेही कबुली घेत, पण ती न्यायाधिकरणापुढची. कारकून ती लिहून घ्यायचा, तिच्यावरून शिक्षा व्हायची, दुसऱ्यांची नावं काढून घेतली जायची. संस्कार म्हणून दिलेल्या कबुलीच्या हे बरोबर उलटं आहे, जरी दोन्हीकडे धर्मगुरूच बसलेले असले तरी.

गुप्ततेवरून आजचा खरा वाद बालकांच्या लैंगिक शोषणाचा आहे. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये रॉयल कमिशननं शिफारस केली की कबुलीत कळलेलं शोषणही पोलिसांना कळवणं बंधनकारक करावं. तिथल्या अनेक राज्यांनी तसे कायदे केले, चर्चनं विरोध केला. चर्च म्हणतं, गुप्तता गेली तर गुन्हेगार येणारच नाही आणि त्याला अडवायची एकमेव संधीही जाईल. पीडित म्हणतात, इतकी वर्षं तो येतच होता, कुणी अडवलं?

भारतात २०१८ मध्ये प्रश्न वेगळ्या बाजूनं आला. केरळात एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर आरोप झाला की एका महिलेच्या कबुलीचा वापर करून तिला ब्लॅकमेल केलं आणि तिचं शोषण केलं. राष्ट्रीय महिला आयोगानं कन्फेशनची प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. केरळमधल्या चर्चनी तिला कडाडून विरोध केला.

आपला कायदा याबद्दल जवळजवळ गप्प आहे. पोलिसांपुढे दिलेला गुन्ह्याचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातला नियम २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. नवरा-बायकोमधलं आणि वकील-अशिलामधलं बोलणं यांना त्यात संरक्षण आहे. फादरला सांगितलेल्या गोष्टीसाठी मात्र तसं वेगळं कलम दोन्हीत नाही.